‘चालू शे’ असं म्हणतंय कोण?

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या वाऱ्याने रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या केल्या, सोबत विजेचे खांबही. त्या आठवड्यात आपल्या भागात किती सर्व्हर धाडकन बंद पडले याची मोजदाद कोणी ठेवत नाही, पण माझ्या टपालावरून अंदाज येतो. या खेपेची बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत. यंत्र म्हणतं सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम, चालू आहे, आमच्या अहिराणीत ‘चालू शे’, आणि ती चालू नसते. नाहीतर यंत्र म्हणतं बंद आहे, आणि ती मजेत चालू असते. म्हणून या वेळी प्रिंटर, वाय-फाय वगैरेची पत्रं बाजूला ठेवली आहेत, त्या मंडळींनी महिनाभर दम धरावा.

नेहमीची सूचना : मासिक देवनागरीत छापतं म्हणून कमांडची आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. यंत्रावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. मागे एका वाचकाने ‘सिस्टमसीटीएल’ देवनागरीत टाइप केलं आणि ‘ताई, तुमची कमांड चालत नाही’ असं मला कळवलं होतं.

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेचा हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. डेबियन लिनक्सवर पोस्टग्रेस सोर्सवरून मीच बांधलं, सर्व्हिसा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीला सूचना देणारी युनिट फाइलही मीच लिहिली, टाइप ‘नोटिफाय’. काल रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरीही संपली. सकाळपासून सर्व्हिस ‘अ‍ॅक्टिव्हेटिंग’ दाखवते, दीड मिनिटाने पडते, पुन्हा ‘अ‍ॅक्टिव्हेटिंग’. सोबतचा माणूस म्हणतो डेटाबेस खराब झाला, बॅकअप टाका. बॅकअप शनिवारचा आहे, आज गुरुवार. काय करू?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : यांना उत्तर त्याच दिवशी फोनवर दिलं, मासिकाची वाट बघत पतसंस्था बंद ठेवता येत नाही. इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

भाऊ, ‘दीड मिनिटाने’ हा शब्द तुम्ही लिहिलात, तिथेच निम्मं निदान झालं. सिस्टमडी कुठल्याही सर्व्हिसला सुरू व्हायला मुळात ९० सेकंद देतो. तेवढ्यात ‘मी तयार आहे’ असा निरोप आला नाही की सुरुवात फसली असं धरतो आणि प्रोसेस, म्हणजे तो चालू प्रोग्राम, मारून टाकतो. तुमच्या युनिटमध्ये ‘रीस्टार्ट’ची ओळ आहे, म्हणून लगेच पुन्हा सुरू करतो.

आता पोस्टग्रेसची बाजू बघा. लाइट गेल्यावर ते उठतं तेव्हा शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का झाल्याच्या खुणेपासून, पुढचा सगळा लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, पुन्हा वाचून डेटा जागेवर बसवतं. हे काम झाल्यावरच ते दार उघडतं आणि सिस्टमडीला ‘रेडी’ कळवतं. तुमची डिस्क जुनी फिरती आहे आणि लॉगची मर्यादा तुम्ही वाढवून ठेवलेली, मग ९० सेकंदांत काय होणार? अर्ध्यात मारलं की पुढच्या खेपेला ते पुन्हा त्याच चेकपॉइंटपासून सुरुवात करतं. विहिरीतून गाळ काढणाऱ्याला दर दीड मिनिटाने वर ओढायचं आणि त्याची पाटी परत विहिरीत उपडी करायची, असला हा प्रकार. हे कितीही दिवस चाललं असतं. वारंवार पडणाऱ्या सर्व्हिसला थांबवणारी एक मर्यादा सिस्टमडीत आहे खरी, पण ती मुळात १० सेकंदांत ५ वेळा अशी असते. दीड मिनिटाला एकदा पडणारी सर्व्हिस त्या जाळीत सापडतच नाही.

उपाय एका ओळीचा : ‘टाइमआउटस्टार्टसेक’ला ‘इन्फिनिटी’ लिहा, डेमन-रीलोड करा म्हणजे सिस्टमडी फाइल नव्याने वाचेल, सुरू करा आणि चहा प्या. त्यांच्याकडे सव्वाचार मिनिटं लागली आणि बुधवारच्या शेवटच्या पावतीपर्यंत सगळं जागेवर निघालं. शनिवारचा बॅकअप टाकला असता तर चार दिवसांच्या पावत्या हाताने भरत बसले असते. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत युनिट फाइलच्या नमुन्याखालीच हा इशारा छापलेला आहे. नमुन्यातही टाइमआउट बंद ठेवणारी ओळ आहे. स्वतःची फाइल लिहिताना लोक ती गाळतात आणि खालचा परिच्छेद कोणी वाचत नाही.

पण खरा मुद्दा टाइमआउटच्या पुढचा आहे. आमचे अप्पा तापी लाइनीवर, म्हणजे जळगाव-सुरत मार्गावर, एका लहान स्टेशनचे मास्तर होते. तेव्हा तिथे एकेरी रूळ होता. गाडी फलाटाला लागली, इंजिन डोळ्यांसमोर धापा टाकतंय, तरी अप्पा मागच्या स्टेशनला ‘लाइन मोकळी’ असं कळवायचे नाहीत. शेवटच्या डब्यावरची पाटी, रात्री लाल दिवा, डोळ्यांनी दिसला पाहिजे. मध्येच कपलिंग तुटून दोन डबे मागे राहिले असतील तर? गाडी पोचली हे इंजिनावरून ठरत नाही, शेपटीवरून ठरतं.

सर्व्हिस सुरू झाली हे कशावरून ठरतं, हे युनिट फाइलमधल्या ‘टाइप’ या एका शब्दात असतं आणि लोक तो शब्द सवयीने लिहितात. ‘सिंपल’ लिहिलं तर प्रोसेस जन्माला घातली एवढ्यावर सिस्टमडी ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणतो, पुढे प्रोग्रामची फाइल सापडली नाही तरी क्षणभर ‘अ‍ॅक्टिव्ह’च. २०१८ च्या अखेरीस ‘एक्झेक’ हा प्रकार आला, त्यात निदान फाइल चालू झाली याची खात्री होते. ‘फोर्किंग’मध्ये मूळ प्रोसेस पोर मागे ठेवून बाहेर पडली की झालं. या सगळ्यांत बाहेरून बघून अंदाज बांधलेला असतो. ‘नोटिफाय’मध्ये मात्र प्रोग्राम स्वतः सांगतो. तुमचा टाइप बरोबरच होता, भाऊ. पाटी दिसेपर्यंत थांबायची तयारी तेवढी नव्हती.

प्रश्न : जुनं सेंटओएस ६ लिनक्स आहे, बदलायला मालक तयार नाही. माझी स्क्रिप्ट यंत्र सुरू होताना चालते, बंद होताना तिचा ‘स्टॉप’ भाग चालतच नाही. चेककॉन्फिगने स्क्रिप्टची नोंद केली, बंद होताना वापरायच्या के-वाल्या लिंका जागेवर आहेत, हाताने ‘स्टॉप’ दिलं तर नीट चालतं. वेड लागायची वेळ आली.
— शिरपूर

उत्तर : लागेल. मला एक अख्खा हंगाम लागलं होतं.

२००९ ची गोष्ट. धरणगावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये वजनकाट्याला जोडलेलं यंत्र होतं, सेंटओएस ५ वर. कापसाच्या गाड्या काट्यावर चढायच्या, वजन माझ्या पर्लच्या प्रोग्राममध्ये जायचं, प्रोग्राम दिवसाची बेरीज मेमरीत धरून ठेवायचा आणि थांबताना फाइलीत लिहायचा. तो थांबायचा फक्त माझ्या स्टॉप स्क्रिप्टच्या सांगण्यावरून, सिगटर्म, म्हणजे थांबायचा सिग्नल, वगैरे त्याला शिकवलंच नव्हतं. हा माझा पहिला मूर्खपणा.

मुनीमजी शिस्तीचे. रोज संध्याकाळी मेनूतून ‘शट डाउन’ करायचे, स्क्रीन काळी होईपर्यंत उभे राहायचे, मगच बटण. आणि रोज सकाळी शेवटच्या काही गाड्यांची बेरीज गायब. दिवाळीपासून मी यूपीएसला दोष देत होते. बॅटरी बदलायला लावली. मग अर्थिंग. मालक एकदा म्हणाला, ‘ताई, आता जमीनच बदलू का?’ मुनीमजींवरही माझा संशय गेला होता, हे आज कबूल करते. ते मला ‘माय’ म्हणायचे, त्यामुळे जास्तच लाज वाटते.

होळीच्या सुमारास एका दुपारी मी सेंटओएस ज्यावर बेतलंय त्या रेड हॅटच्या पद्धतीची मूळ ‘आरसी’ स्क्रिप्ट उघडून ओळन्‌ओळ वाचली. यंत्र बंद होताना ती के-वाल्या लिंका एकेक करून घेते, पण कोणालाही हाक मारण्याआधी बघते : ‘/व्हार/लॉक/सबसिस/’ या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल आहे का? नसेल तर ‘ही सर्व्हिस चालू नव्हतीच’ असं धरून पुढे जाते. काही छापत नाही, तक्रार करत नाही. ती रिकामी फाइल तयार करणं हे तुमच्या स्टार्ट स्क्रिप्टचं काम आहे, एक ‘टच’ एवढंच. मी ते केलं नव्हतं. तुम्हीही केलेलं नसणार.

स्टार्टमध्ये शेवटी ‘टच /व्हार/लॉक/सबसिस/तुमचं-नाव’ आणि स्टॉपमध्ये ‘आरएम’ टाका. नाव के-लिंकेतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. लिंक ‘के२० काटा’ असेल आणि फाइल ‘काटाडी’ असेल तर पुन्हा तेच.

एवढ्यावर माझी रात्रीची झोप परत आली, पण त्या फोल्डरने जे शिकवलं ते नंतर बरंच कामी आलं. तुम्ही ‘सर्व्हिस अमुक स्टेटस’ दिलं की कधी ‘डेड बट पिड फाइल एक्झिस्ट्स’ येतं, कधी ‘डेड बट सबसिस लॉक्ड’. लोक ती चूक समजून पुढे जातात. नीट वाचा. एक पीआयडी फाइल आहे, म्हणजे प्रोसेसचा नंबर लिहिलेली, एक लॉक फाइल आहे आणि एक प्रत्यक्ष प्रोसेस आहे. तिघांची तीन मतं असू शकतात, आणि स्क्रिप्ट प्रामाणिकपणे तुम्हाला ते सांगते आहे. यासाठी ठरलेले परतीचे आकडेही आहेत : ० म्हणजे चालू, १ म्हणजे मेली पण पीआयडी फाइल आहे, २ म्हणजे मेली पण लॉक आहे, ३ म्हणजे चालू नाही, ४ म्हणजे कळत नाही. ‘कळत नाही’ला वेगळा आकडा देणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे.

आणि नव्या यंत्रावर गेल्यावर सुटलो असं समजू नका. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीत स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘कीवर्ड : शटडाउन’ अशी टिपणी नसेल तर बंद होताना तिला कोणी विचारत नाही. सिस्टमडीत ‘वनशॉट’, म्हणजे एकदा काम करून संपणाऱ्या, सर्व्हिसला ‘रिमेनआफ्टरएक्झिट’ लिहायचं विसरलात तर तिचा ‘एक्झेकस्टॉप’ यंत्र बंद होताना नाही, सुरुवातीचं काम आटोपल्या आटोपल्याच चालतो. सुरुवात फसली असेल तर तो चालतच नाही, मागची झाडलोट ‘एक्झेकस्टॉपपोस्ट’मध्ये ठेवावी लागते. प्रत्येक गावचा खड्डा वेगळ्या ठिकाणी, पण पाय मोडायची रीत तीच.

प्रश्न : दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम आहे. लाइट जाऊन आली की कधी कधी तो सुरू होत नाही, ‘ऑलरेडी रनिंग’ म्हणतो. विक्रेत्याचा माणूस फोनवर सांगतो ‘फोल्डरमधली पिड फाइल उडवा’. उडवली की चालतो. पण सकाळी सहाला गवळी रांगेत उभे असताना मी हे किती दिवस करू?
— चोपडा

उत्तर : पीआयडी म्हणजे कर्नलने, यंत्रणेच्या गाभ्याने, प्रोसेसला दिलेला नंबर. प्रोग्राम सुरू होताना आपला नंबर फाइलीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी कोणी दुसरी प्रत सुरू करायला गेलं की फाइलीतल्या नंबराला ‘आहेस का?’ असं हळूच विचारतो. ‘किल’ला शून्य सिग्नल दिला की एवढंच होतं, कोणी मरत नाही. उत्तर आलं की ‘ऑलरेडी रनिंग’.

पण उत्तर दिलं कोणी? लाइट गेली तेव्हा फाइल पुसायला प्रोग्राम जिवंत नव्हता. यंत्र पुन्हा सुरू झालं, नंबर पुन्हा १ पासून वाटले गेले, आणि तोच नंबर आता दुसऱ्याच कोणाला मिळाला, छपाईच्या सर्व्हिसला म्हणा. तुम्हाला वाटेल, हजारो नंबरांतून नेमका तोच कसा मिळेल? मिळतो. सुरू होताना यंत्र रोज जवळपास त्याच क्रमाने तीच कामं करतं, त्यामुळे तुमच्या प्रोग्रामच्या आसपासचे नंबर रोज आसपासच्याच सर्व्हिसना जातात. म्हणूनच हे ‘कधी कधी’ होतं आणि म्हणूनच पकडायला अवघड.

फाइल उडवण्याआधी एकदा ‘/प्रॉक/’मध्ये त्या नंबराच्या फोल्डरातली ‘कॉम’ फाइल बघा, त्यात प्रोसेसचं नाव असतं. नाव दुसऱ्याचं निघालं तर खुशाल उडवा. हे पोस्टग्रेससारख्या डेटाबेसच्या बाबतीत मात्र आंधळेपणाने कधीही करू नका. पोस्टग्रेस स्वतःच बघतं की त्या नंबराची प्रोसेस आपल्याच युजरची आहे का, वाटलेली मेमरी अजून कोणी धरून आहे का. त्याने नकार दिला तर त्यामागे बहुधा कारण असतं.

कायमचा इलाज म्हणजे फाइल ‘/रन’मध्ये ठेवायला विक्रेत्याला सांगा. हे फोल्डर मेमरीत असतं, लाइट गेली की त्यातल्या खोट्या नोंदीही जातात. फेडोरा लिनक्स १५ मध्ये २०११ साली ते आलं, मग बाकीच्यांनीही घेतलं. त्याहून बरं म्हणजे फाइलीवर कुलूप लावायचं, कारण ते कुलूप कर्नल सांभाळतो आणि प्रोसेस मेली की आपोआप सुटतं. फ्रीबीएसडीच्या लायब्ररीत पीआयडी फाइल उघडण्याची जी सोय आहे ती हेच करते. अप्पांच्या स्टेशनातलं टोकन, म्हणजे गाडीला पुढे जायची परवानगी म्हणून दिला जाणारा लोखंडी गोळा, असंच होतं. वहीत काय लिहिलंय याला महत्त्व नाही, लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हातात आहे की यंत्रात, तेवढंच बघायचं, आणि एका सेक्शनसाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघायचा.

सर्वात बरं म्हणजे फाइलच नको. प्रोग्रामला पार्श्वभूमीत पळवायचं नाही, समोर चालू ठेवायचं आणि त्याच्या डोक्यावर जन्मदाती प्रोसेस बसवायची. पोर मेलं की कर्नल आईबापाला कळवतोच, शोधायला जावं लागत नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्समधला ‘सुपरवाइज’ हेच करायचा. आजही रनिट आणि एस-सिक्स त्याच वाटेने जातात. उलट वाट काय होते ते उबंटू लिनक्समध्ये सिस्टमडीच्या आधी असलेल्या अपस्टार्टने दाखवलं. प्रोग्राम किती वेळा फोर्क करणार, म्हणजे स्वतःची प्रत काढणार, हे आधी सांगायचं, एकदा की दोनदा. चुकीचं सांगितलं की अपस्टार्ट मेलेल्या नंबराला धरून बसायचा, थांबवताही येईना आणि सुरूही करता येईना. त्यासाठी मी एकदा चालू सर्व्हर रीबूट केला आहे. त्याबद्दल जास्त विचारू नका.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमधला सर्व्हर बंद करताना ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ असं येतं आणि दीड मिनिट मोजत बसतं. पोरं कंटाळून बटण दाबतात. यूपीएस फार वेळ टिकत नाही. वेळ १० सेकंदांवर आणू का?
— धुळे

उत्तर : आणता येईल, पण सर, आधी कोण अडलंय ते तर बघा. फेडोरानेही २०२३ मध्ये हा वेळ ४५ सेकंदांवर आणला, १० वर नाही.

थांबवताना काय होतं? सिस्टमडी आधी तुमची स्टॉप कमांड चालवतो, मग त्या सर्व्हिसच्या गटातल्या सगळ्या प्रोसेसना सिगटर्म देतो, म्हणजे ‘आवरा आता’. ९० सेकंद वाट बघतो. तरी कोणी उरलं तर सिगकिल, त्यात विचारणं नाही. हा गट म्हणजे कर्नलमधला सीग्रुप, २००८ साली २.६.२४ मध्ये आलेला. त्याआधी दोनदा फोर्क करून निसटलेली पोरं शोधायला काही धड मार्ग नव्हता. सीग्रुपमधून फोर्क करून बाहेर पडता येत नाही, आणि गट रिकामा झाला की कर्नल स्वतः तसं कळवतो. अप्पा निवृत्त झाल्यानंतर रेल्वेत जागोजागी अ‍ॅक्सल काउंटर बसले, सेक्शनमध्ये किती चाकं शिरली आणि किती बाहेर पडली ते मोजणारे. आकडा जुळला नाही तर लाइन मोकळी नाही. अप्पांना ते यंत्र फार आवडायचं. ‘पाटी बघायला माझे डोळे थकले, याचे थकत नाहीत,’ असं म्हणायचे.

तेव्हा उरलेलं चाक शोधा. पुढच्या सुरुवातीनंतर आदल्या सत्राचा लॉग दाखवणारं ‘जर्नलसीटीएल -बी -१’ लावा आणि ‘स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट, किलिंग’ ही ओळ हुडका. तिच्यात सर्व्हिसचं नाव असतं. माझा अंदाज सांगते : तुम्ही पत्रात लिहिलंय की रात्रीचा बॅकअप नेटवर्कवरच्या डिस्कवर जातो. त्या सर्व्हिसच्या युनिटमध्ये ‘आफ्टर’ची ओळ नसणार. लोकांना वाटतं ‘आफ्टर’ फक्त सुरुवातीसाठी आहे. बंद होताना तोच क्रम उलटा चालतो : जो ज्याच्या नंतर उठला, तो त्याच्या आधी झोपतो. ओळच नाही तर दोघे एकदम झोपायला जातात, नेटवर्क आधी जातं आणि तुमचा बॅकअप बिचारा गेलेल्या डिस्कच्या नावाने हाका मारत ९० सेकंद काढतो. डिस्कवर लिहिता लिहिता कर्नलमध्येच अडकलेली प्रोसेस असेल तर ती सिगकिललाही लगेच जुमानत नाही. ‘आफ्टर’ घाला, डिस्कच्या फोल्डरसाठी ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ घाला. वेळ कमी करायची गरज उरणार नाही.

पोरांना मात्र बटणापासून लांब ठेवा. त्याला युनिट फाइल पुरत नाही.

प्रश्न : जावाचं ॲप्लिकेशन आहे. ‘स्टॉप’ दिलं की नीट थांबतं, लॉगमध्ये सगळं व्यवस्थित, तरी सिस्टमडी लाल रंगात ‘फेल्ड’ दाखवतो.
— भुसावळ

उत्तर : लाल ओळीत १४३ दिसतंय ना? १२८ अधिक १५. सिगटर्मचा नंबर १५, आणि सिगटर्मने थांबलेलं जावा १४३ देऊन बाहेर पडतं. सिस्टमडीला शून्य हवं असतं. युनिटमध्ये ‘सक्सेसएक्झिटस्टेटस’ला १४३ लिहा. बाकी काही बिघडलेलं नाही.

प्रश्न : सावद्याला आमचं केळी पिकवणी केंद्र आहे. चेंबरचा पंखा आणि कूलिंग एका छोट्या बोर्डावरून चालतं, अल्पाइन लिनक्स, सर्व्हिसा सांभाळायला सिस्टमडीऐवजी ओपनआरसी. मागच्या आठवड्यात ‘आरसी-स्टेटस’ रात्रभर ‘स्टार्टेड’ दाखवत होतं आणि सकाळी चेंबरमध्ये भट्टी. अर्धे घड काळे पडले. या ‘स्टार्टेड’चा अर्थ तरी काय?
— सावदा

उत्तर : दादा, नुकसानीचं वाचून वाईट वाटलं. अर्थ असा : ‘/रन/ओपनआरसी/स्टार्टेड/’ या फोल्डरमध्ये तुमच्या सर्व्हिसच्या नावाची एक लिंक आहे. शेजारी ‘स्टार्टिंग’, ‘स्टॉपिंग’, ‘फेल्ड’ अशी आणखी फोल्डरं आहेत, सर्व्हिसची अवस्था बदलली की लिंक या फोल्डरातून त्या फोल्डरात. मला ही पद्धत मनापासून आवडते, ‘एलएस’ केलं की सगळं उघड्यावर दिसतं. पण ती लिंक काल संध्याकाळी ‘स्टार्ट’ यशस्वी झाल्याची आहे, पहाटे तीनला पंखा फिरत असल्याची नव्हे.

ओपनआरसीला हे ठाऊक आहे. म्हणून ‘आरसी-स्टेटस’ लिंकेसोबत प्रोसेसही शोधतो आणि ती नसेल तर ‘क्रॅश्ड’ म्हणतो. पण त्यासाठी प्रोसेस कुठली हे त्याला कळायला हवं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये प्रोग्राम ‘अँड’च्या चिन्हाने नुसता पार्श्वभूमीत ढकललाय, पीआयडी फाइल नाही, काही नाही. त्याने शोधायचं कोणाला? स्क्रिप्टमध्ये ‘सुपरवायझर’ला ‘सुपरवाइज-डेमन’ लिहा आणि प्रोग्राम समोर चालू राहील असा ठेवा. मग तो मेला तर पुन्हा उठवला जाईल.

तरीही तुमचं काम पूर्ण होत नाही. प्रोग्राम जिवंत असून सेन्सरच्या उत्तराची वाट बघत थिजला असेल, तर कुठलाही पहारेकरी त्याला ‘चालू शे’च म्हणणार. सुपरवाइज-डेमनमध्ये ‘हेल्थचेक’ची सोय आहे, ठरावीक वेळाने तुमचं एक फंक्शन बोलावलं जातं. त्यात प्रोग्रामला काही विचारू नका. तापमानाच्या लॉगमधली शेवटची ओळ किती जुनी आहे आणि आकडा किती आहे ते बघा. पाच मिनिटांहून जुनी असेल तर नापास. सिस्टमडीत हेच काम ‘वॉचडॉगसेक’ करतो, तिथे प्रोग्रामला दर थोड्या वेळाने ‘मी आहे’ असं स्वतः कळवावं लागतं. सन कंपनीच्या सोलारिस १० या प्रणालीत तर २००५ सालीच ‘डिग्रेडेड’ अशी वेगळी अवस्था होती : चालू आहे, पण धड नाही. आपल्या घरात दुपारच्या कूलरला हा शब्द फिट बसतो.

आणि एक, सॉफ्टवेअरच्या बाहेरचं. चेंबरला साधा थर्मोस्टॅटवाला भोंगा बसवा, बोर्डाशी संबंध नसलेला. लाखाचा माल एका लिंकेच्या भरवशावर ठेवू नये.

प्रश्न : सकाळी आल्यावर रात्री सर्व्हर कोणी नीट बंद केला की लाइटने गेला, हे कसं ओळखायचं? वॉचमन दर वेळी ‘मी हात लावला नाही’ म्हणतो.
— नंदुरबार

उत्तर : ‘लास्ट -एक्स’ द्या. नीट बंद केला असेल तर ‘शटडाउन’ची ओळ सापडते. ती नसेल आणि त्या वेळी लॉगइन असलेल्या माणसापुढे ‘क्रॅश’ लिहिलेलं असेल, तर यंत्राला निरोप घ्यायला वेळच मिळाला नव्हता. मग ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ लावून आदल्या सत्राचा शेवट वाचा. सर्व्हिसा एकेक करून थांबल्याच्या ओळी असतील तर कोणीतरी बंद केला. लॉग एखाद्या भलत्याच वाक्यावर तुटला असेल तर लाइट, नाहीतर कोणी बटण दाबून धरलं. यासाठी ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर आधीपासून असायला हवं. काही यंत्रांवर ते नसतं, मग लॉग मेमरीतच राहतो आणि यंत्रासोबत जातो. आज घरी जाण्याआधी तेवढं फोल्डर बनवा आणि जर्नलची सर्व्हिस रीस्टार्ट करा.

वॉचमनची माफी मागायची की नाही, ते उद्या सकाळी ओळी बघून ठरवा. मी मुनीमजींची मागितली होती. त्यांनी एक किलो सरकीची ढेप घरी नेऊन म्हशीला घालायला सांगितलं. म्हैस माझ्याकडे नाही, हे त्यांना माहीत होतं.

(पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना स्क्रीनचा फोटो नको, मजकूर उतरवून पाठवा. फोटोत नेमकी खालची ओळ कापलेली असते.)